पात्रतेच्या अटी



निमंत्रण देताना कार्यकर्त्यांनी मला सांगितलं, की ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या बाईंनी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, आणि स्वतःची चित्रं काढायला घेतली ती निवृत्तीनंतर. ‘विषय तुमच्या आवडीचा घ्या,’ असंही ते म्हणाले. पण पहिलं वाक्य ऐकल्यावर निवडायला फारसं काही उरलं नाही. आज मी बोलणार आहे ते विद्यापीठांनी कलावंत बायकांना दिलेल्या जागेविषयी, वेळेविषयी आणि पैशांविषयी. ज्या नुकत्या कुठे कामाला लागल्या आहेत, ज्यांचं नाव अजून झालेलं नाही, अशा बायकांना दिलेल्या. हल्ली त्याला रेसिडेन्सी म्हणतात, फेलोशिप म्हणतात. आणि त्यातही मी एका अगदी रुक्ष गोष्टीला धरून बोलणार आहे. अर्जाच्या नमुन्याला. पात्रतेच्या अटींना. कलेविषयी ऐकायला आलेल्यांचा थोडा हिरमोड होईल, पण त्यांनी उठून जाऊ नये. कविता आहेत, शिल्पं आहेत, दोन पुलित्झर पारितोषिकं आहेत. फक्त तिथं जायची वाट अर्जावरून जाते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना शेवटची बस गाठायची आहे त्यांची सोय होईल. कोणती बाई कलावंत होणार आणि कोणती होणार नाही, हे पुष्कळदा प्रतिभेच्याही आधी एखाद्या कचेरीत ठरतं. कोणीतरी टेबलाशी बसून अटी लिहितं. वय इतकं, पदवी अमुक, मुक्काम तमुक. तो कागद लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण उभं असतं? बहुतेक वेळा एक पुरुष असतो, तरुण, सडाफटिंग, पाठीवर पिशवी टाकून निघू शकणारा. अटींमध्ये तसं कुठेच म्हटलेलं नसतं. तसं म्हणावं लागतच नाही.

एकदा मात्र एका बाईने हा कागद वेगळ्या तऱ्हेने लिहिला. तिची गोष्ट सांगते.

अमेरिकेत बॉस्टनला लागून केंब्रिज नावाचं गाव आहे. तिथं हार्वर्ड विद्यापीठ, आणि त्याच्या शेजारी तेव्हा मुलींचं रॅडक्लिफ कॉलेज होतं. १९६० साली मेरी इंग्रॅहम बंटिंग रॅडक्लिफच्या अध्यक्ष झाल्या. या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. सेराशिया नावाचा एक लाल रंगाचा जीवाणू आहे, त्याच्या रंगाच्या आनुवंशिकतेवर त्यांचं काम. पण हे काम कसं केलं, तर नवरा येल विद्यापीठात, आणि बाई तिथल्याच प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यात, थोडा वेळ, धड हुद्दा नसताना. घरी चार मुलं. १९५४ साली नवरा मेंदूच्या गाठीने गेला. पुढल्या वर्षी त्या न्यू जर्सीतल्या डग्लस कॉलेजच्या डीन झाल्या. त्या पूर्णवेळ संशोधकाचं आयुष्य कधी जगल्याच नव्हत्या, आणि तरी त्यांनी संशोधन केलं होतं. पुढे त्यांनी जे केलं त्याची मुळं या कोपऱ्यात आहेत.

अमेरिकेत ते दिवस स्पुटनिकनंतरचे. रशियाने उपग्रह सोडला आणि आपली हुशार मुलं वाया जाताहेत का, अशी धास्ती सगळ्या देशाला पडली. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या एका समितीवर बंटिंग होत्या. शाळेत उत्तम गुण मिळवूनही कॉलेजात न गेलेली मुलं कोण, याची आकडेवारी समोर आली. त्यात बहुसंख्य मुली निघाल्या. बंटिंगना धक्का बसला. दुसरा धक्का त्याहून मोठा होता: समितीतल्या बाकीच्यांना काहीच वाटलं नाही. मुली ना? मग ठीकच आहे! बायकांकडून कोणी कसलीच अपेक्षा ठेवत नाही, असं एक हवामानच या देशात आहे, असं त्या पुढे म्हणू लागल्या. हवामानच ते. एखाद्या खलनायकाला पकडून शिक्षा देता येत नाही.

त्या काळातलं एकच उदाहरण पुरे. हार्वर्डच्या आवारातल्या लॅमॉन्ट ग्रंथालयात १९६७ सालापर्यंत मुलींना प्रवेश नव्हता. १८६७ नाही, १९६७. लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांनी इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या मुलींसमोर भाषणं देऊन स्वतंत्र खोली आणि वर्षाला ५०० पौंड मागितले ते १९२८ साली. तिथल्या ग्रंथालयाच्या दारातून बाईला परत पाठवल्याची हकीकत त्यात आहेच. मध्ये चाळीस वर्षं आणि एक महासागर, दार तेच.

नोव्हेंबर १९६० मध्ये बंटिंगनी एक योजना जाहीर केली: रॅडक्लिफ इन्स्टिट्यूट फॉर इंडिपेंडंट स्टडी. शिकलेल्या, पण घरसंसारामुळे काम मागे पडलेल्या बायकांसाठी वर्षाची फेलोशिप. बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली आणि पत्रांचा पाऊस पडला. पुढल्या वर्षी टाइम साप्ताहिकाने बंटिंगना मुखपृष्ठावर घेतलं. १९६१च्या शरदात पहिली तुकडी आली. त्यात इतिहासकार होत्या, शास्त्रज्ञ होत्या, आणि काही थोड्या कलावंत होत्या. अॅन सेक्स्टन आणि मॅक्सीन क्युमिन या दोघी कवयित्री, बार्बरा स्वॉन चित्रकार. लवकरच मारियाना पिनेडा ही शिल्पकार त्यांना येऊन मिळाली, आणि थेट सॅन फ्रान्सिस्कोहून टिली ओल्सन ही कथाकार.

आता अटी बघू.

पदवीची अट होती. पीएच.डी. हवी, किंवा कलेत तिच्या तोडीचं काम हवं. हा जो ‘किंवा’ आहे ना, त्याच्यावर सगळं उभं आहे. अॅन सेक्स्टनकडे पीएच.डी. सोडा, साधी पदवीही नव्हती. उपनगरातली गृहिणी, दोन मुली, मनाचे गंभीर आजार, १९५६ साली इस्पितळात. उपचार करणाऱ्या डॉक्टरने लिहायला सुचवलं म्हणून कविता लिहू लागली. प्रौढांसाठीच्या संध्याकाळच्या वर्गात १९५७ साली जॉन होम्स यांच्याकडे कविता शिकायला गेली आणि तिथंच क्युमिन भेटली. १९६० साली पहिला संग्रह. एवढीच काय ती पुंजी. आपल्याकडच्या विद्यापीठाच्या अर्जात ‘शैक्षणिक पात्रता’ या रकान्यात ती काय लिहिणार होती? रॅडक्लिफने तिचा संग्रह हाच दाखला मानला. या कलावंत मैत्रिणी पुढे स्वतःला गमतीने ‘द इक्विव्हॅलंट्स’ म्हणवून घेत. तुल्यबळ बायका म्हणा हवं तर.

वयाची अट? ती नव्हतीच. सेक्स्टन ३२ वर्षांची, क्युमिन ३६, आणि ओल्सन आली तेव्हा पन्नाशीला पोहोचलेली. तुम्ही म्हणाल, पन्नासाव्या वर्षी कारकिर्दीची सुरुवात? हो. ओल्सनबाईंनी १९३०च्या दशकात तरुणपणी एक कादंबरी लिहायला घेतली होती. मग चार मुली, कारखान्यांतली आणि कचेऱ्यांतली नोकरी, कामगार चळवळ. वीसेक वर्षं लेखन थांबलं. तिचा पहिला कथासंग्रह १९६१ साली आला. म्हणजे वयाने ती पन्नाशीची आणि कामाने नवखी. तिला ‘उदयोन्मुख’ म्हणायचं की ‘ज्येष्ठ’? आपल्या कुठल्या रकान्यात ती बसते? या प्रश्नाकडे मी परत येणार आहे, कारण तो आपल्या घरचा आहे.

मुक्कामाची अट तर मला सगळ्यात विलक्षण वाटते. रेसिडेन्सी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? डोंगर, जंगल, लाकडी घर, शांतता. अमेरिकेत न्यू हॅम्पशरमध्ये मॅकडॉवेल ही कलावंतांची कॉलनी १९०७ पासून आहे. तिथं प्रत्येक कलावंताला झाडीत स्वतंत्र स्टुडिओ मिळतो, आणि दुपारचं जेवण टोपलीत घालून दारात ठेवून जातात, दार न वाजवता. ही कॉलनीदेखील एका बाईनेच उभी केली, मॅरियन मॅकडॉवेल या पियानोवादकाने. फार सुंदर कल्पना आहे. आयती टोपली दारात! इथं बसलेल्या किती जणींच्या तोंडाला पाणी सुटलं ते मला दिसतंय. पण त्या टोपलीपर्यंत पोहोचायला घर सोडावं लागतं. सहा वर्षांची मुलगी असलेली बाई दोन महिने झाडीत जाऊन राहणार कशी? आणि गेलीच, तर घरी परतल्यावर काय काय ऐकावं लागेल?

बंटिंगनी हे उलटं केलं. त्यांची अट अशी, की दुरून आलेल्या ओल्सनसारखा अपवाद सोडला तर बाई बॉस्टनच्या जवळपास राहणारी हवी, रोज येऊन जाता येईल एवढ्या अंतरावर. घर सोडायचं नाही. मुलं शाळेत गेली की यायचं, आपल्या खोलीचं दार लावून घ्यायचं, काम करायचं, संध्याकाळी घरी. वर्षभर. पूर्णवेळही नाही. ऐकायला अगदी मिळमिळीत वाटतं. त्यात कुठे बंड नाही, घराला लाथ मारणं नाही. काही स्त्रीवाद्यांनी पुढे यावर टीकाही केली, की ही बाई चूल तशीच ठेवते आणि चुलीपासून दोन तासांची सुट्टी देते. टीका खोटी नाही. पण ज्या बाईला आज, या मंगळवारी, लिहायचं आहे तिला समाज बदलेपर्यंत थांबा असं सांगणार का? बंटिंग प्रयोगशाळेतल्या बाई होत्या. जी परिस्थिती आहे तीत जीव वाढतो का, एवढंच त्यांनी पाहिलं.

पैशांचं सांगते आणि पुढे जाते. वर्षाला जास्तीत जास्त ३,००० डॉलर. तो पैसा कशावर खर्च केला याचा हिशेब मागायचा नाही. मुलं सांभाळणारी ठेवा, रंग घ्या, धुलाईयंत्र घ्या. सेक्स्टनने घराच्या पडवीची लिहायची खोली करून घेतली. त्याआधी ती जेवणाच्या टेबलावर लिहीत असे. अनुदानाचे व्हाउचर जोडून जोडून जे थकलेत अशा प्राध्यापकांनी या ठिकाणी एक सुस्कारा सोडायला हरकत नाही.

पण खोली आणि पैसा एवढ्यावर भागलं असतं, तर वुल्फबाईंची यादी पुरी होती. रॅडक्लिफच्या त्या घरात आणखी काहीतरी घडलं, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोलाचं. तिथं प्रत्येकीने वर्षातून एकदा बाकीच्यांसमोर आपल्या कामाविषयी बोलायचं होतं. बस्स, एवढंच देणं. ग्रंथ पूर्ण करायची सक्ती नाही, प्रदर्शन नाही, अहवाल नाही. पण कोणीतरी वाट बघतंय. कोणीतरी विचारणार आहे, ‘काय चाललंय तुझं?’ आणि त्यांना मुलांच्या परीक्षा आणि नवऱ्याचा रक्तदाब यांच्यापलीकडचं उत्तर हवं आहे. आपल्याला वाटतं कलावंताला एकांत लागतो. लागतोच. पण घरातल्या बाईला एकांत मुळी कमी नसतो, भर दुपारी सगळे बाहेर गेल्यावर ती एकटीच तर असते! तिला कमी असते ती अशी विचारणा. आणखी एक कमी असतं, साधं निमित्त. ‘मला जरा लिहायचंय’ असं म्हणणाऱ्या बाईला घरात कोणी जागा देत नाही. ‘मला इन्स्टिट्यूटमध्ये जायचंय’ म्हटलं की नवरा, सासू, शेजारी, सगळे वाट मोकळी करून देतात. संस्थेचं नाव उच्चारलं की काम हे काम होतं. हे बरं आहे का? बरं नाही. पण खरं आहे.

आणि मग त्या एकत्र आल्या. सेक्स्टन आणि क्युमिन यांची मैत्री आधीची. दोघी आपापल्या घरून दूरध्वनीवर कविता वाचून दाखवीत, तासन् तास फोन चालू ठेवून दोघीजणी आपापल्या टेबलाशी लिहीत, ओळ जमली की शीळ घालून दुसरीला फोनवर बोलावीत. पण वर्षानुवर्षं हे त्यांनी बाहेर फारसं बोलून दाखवलं नाही. दोन बायका मिळून कविता लिहितात म्हणजे त्यांच्या कविता एकसारख्याच असणार, असं लोक म्हणतील अशी धास्ती. दोघींनी अर्जही स्वतंत्रपणे केले. इन्स्टिट्यूटमध्ये मात्र दोघींनी एकत्र बसून, आपण एकमेकींच्या कवितांवर कसं काम करतो ते सगळ्यांसमोर सांगितलं. बायकांची गुपचूप चाललेली कार्यशाळा प्रथमच उजेडात आली.

चित्रकार बार्बरा स्वॉनच्या एका शिळामुद्रणावरून सेक्स्टनने कविता लिहिली. पुढे सेक्स्टनने जर्मन परीकथांवर रचलेल्या ‘ट्रान्सफॉर्मेशन्स’ या १९७१ सालच्या संग्रहाची चित्रं स्वॉनने काढली. एकीच्या चित्रातून दुसरीची कविता, दुसरीच्या कवितेतून पहिलीची चित्रं. हे अर्जात लिहून देता आलं असतं का? ‘अपेक्षित फलनिष्पत्ती’ असा एक भयंकर रकाना आपल्याकडे असतो. त्या रकान्यात सेक्स्टन काय लिहिणार होती? पिनेडाने त्या काळात भविष्य सांगणाऱ्या देवर्षी बायकांची शिल्पं केली. तिने घडवलेला हवाईच्या शेवटच्या राणीचा, लिलिउओकलानीचा पुतळा आज होनोलुलूत उभा आहे. सेक्स्टनला १९६७ साली पुलित्झर मिळालं, क्युमिनला १९७३ साली. आधी कबूल केलेले दोन्ही पुरस्कार मी आता पोचवले.

सेक्स्टनने १९७४ साली आत्महत्या केली, हेही इथंच सांगायला हवं. फेलोशिपने माणसाचे आजार बरे होत नाहीत. मात्र मधली वर्षं, म्हणजे तिचं जवळजवळ सगळं काम, त्या आधाराशिवाय कसं झालं असतं याचा मला अंदाज करवत नाही.

इथवर मी बंटिंगबाईंचं गुणगान केलं. आता दुसरी बाजू. त्या खोलीत कोण नव्हतं?

हा प्रश्न खुद्द टिली ओल्सनने त्याच खोलीत विचारला. मार्च १९६३, तिची बोलायची पाळी. हातात लिहून आणलेलं भाषण नाही, नुसती टिपणं. ती बोलली न लिहिलेल्या पुस्तकांविषयी. थोर लेखकांच्या आयुष्यातले मौनाचे काळ तिने मोजले, आणि मग विचारलं, की जे कधीच लिहू शकले नाहीत त्यांच्या मौनाचं काय? ज्यांना नोकरी आणि पोरंबाळं आणि धुणीभांडी यांतून उठताच आलं नाही, त्यांचं? समोर बसलेल्या बहुतेक जणी सुस्थितीतल्या, नवऱ्याचा पगार घरी येणाऱ्या. ओल्सनला यापूर्वीही एकदा विद्यापीठाने हात दिला होता, १९५५ साली, स्टॅनफर्डने आठ महिन्यांची फेलोशिप दिली होती. मुदत संपली आणि ती पुन्हा नोकरीवर. लिखाणाला नुकती गती आली होती ती तिथंच तुटली. तिचं ते भाषण १९६५ साली हार्पर्स मासिकात छापून आलं आणि १९७८ साली ‘सायलेन्सेस’ या पुस्तकाचं बीज ठरलं. गंमत बघा, त्या संस्थेवरची सर्वांत जाणती टीका संस्थेच्या पैशांतून, संस्थेच्याच खोलीत उभी राहिली. याचं श्रेय कोणाला द्यायचं, ते तुम्ही ठरवा.

अजून एक गोष्ट त्या खोलीत फारशी बोलली गेली नाही. फेलोशिपच्या पैशांतून मुलं सांभाळायला, घर झाडायला माणूस ठेवायचं. म्हणजे कोणाला? दुसऱ्या बाईला. त्या काळच्या अमेरिकेत पुष्कळदा काळ्या बाईला. एकीच्या वेळेची किंमत दुसरीच्या वेळेने भागवायची. आपण हे त्यांना ऐकवण्याआधी, आत्ता या घडीला आपल्या घरी भाजी कोण चिरतंय, ते आठवलेलं बरं.

पुढे दहा वर्षांनी त्याच संस्थेत लेखिका अॅलिस वॉकर आली, १९७१ ते १९७३. जॉर्जियातल्या वाटेकरी शेतमजुरांची मुलगी, मिसिसिपीहून लहानग्या मुलीला घेऊन आलेली. १९७३ साली रॅडक्लिफमध्ये काळ्या स्त्रियांवर परिसंवाद झाला, त्यात तिने आईच्या बागेविषयी भाषण केलं. तिचा प्रश्न असा, की ज्या काळ्या बायकांना वाचणं-लिहिणं शिकायला कायद्याने बंदी होती, त्यांच्यातल्या कलावंतांनी आपल्या कलेचं केलं काय? आणि तिचं उत्तर, की त्यांनी ती बागेत पेरली, गोधड्यांत शिवली, गाण्यांत सोडली. वुल्फच्या खोलीला तिने तिथं सरळ हटकलं. खोली आणि पाचशे पौंड हवेत हे ठीक, पण जिची स्वतःच्या देहावरही मालकी नव्हती तिचं काय?

म्हणजे बघा, १९६१ साली एका बाईने चौकट थोडी रुंद केली. १९६३ साली दुसरीने विचारलं, कामकरी बाई कुठाय? १९७३ साली तिसरीने विचारलं, काळी बाई कुठाय? चौकट रुंद केली म्हणून तर हे प्रश्न आत आले. संस्थेला पुढे बंटिंगचं नाव दिलं गेलं, १९९९ साली रॅडक्लिफ हार्वर्डमध्ये पूर्ण विलीन झालं, आणि आता ती मोठी प्रतिष्ठित संस्था आहे, पुरुषांनाही खुली. तिथं निवड होणं हा आज मानाचा तुरा आहे. माझ्या मनात एक किंतु राहतो. नावाजलेल्यांना बोलावणारी संस्था आणि कोणी ओळखत नसताना दार उघडणारी संस्था, या दोन निराळ्या. पहिल्या प्रकारच्या संस्था जगात पुष्कळ आहेत.

आता घरी येऊ.

आपल्याकडे मुंबईत, गोव्यात बाईला चित्रकार होण्याची पहिली वाट कुठली होती? वडिलांच्या स्टुडिओतून जाणारी. अंबिका धुरंधर या रावबहादूर धुरंधरांच्या कन्या. अँजेला त्रिंदाद या गोव्याहून मुंबईत आलेल्या आंतोनियो शाव्हियर त्रिंदाद यांच्या कन्या. दोघी जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या, दोघींनी जन्मभर चित्रं काढली. पण घरात इझल उभं होतं, मॉडेल बसत होतं, रंगांचा वास होता. ज्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं त्यांनी काय करायचं? संस्था असते ती अशांसाठी, जिला वारशात स्टुडिओ मिळाला नाही तिच्यासाठी.

मुंबईतलं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं, विद्यापीठाचं नसलं तरी. अकबर पदमसी यांना १९६९ साली जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. ते पैसे त्यांनी एकट्याच्या चित्रांवर खर्च केले नाहीत. त्यांतून व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप काढलं, कॅमेरा आणला, डार्करूम उभारली, आणि चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले यांना प्रयोगाला बोलावलं. जे. जे.मधून नुकतीच बाहेर पडलेली नलिनी मलानी तिथं गेली. वय २३. आज भारतातल्या व्हिडिओ आणि चलत्चित्रांच्या कलेचा इतिहास लिहिताना त्या वर्षीच्या तिच्या फिल्म्सपासून सुरुवात करावी लागते. मलानीने पुढे १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये बायकांनी सहकारी तत्त्वावर चालवलेली ए.आय.आर. गॅलरी पाहिली आणि भारतात परतून बायकांचं प्रदर्शन भरवायचं मनात घेतलं. ते उभं राहायला १९८७ साल उजाडलं: अर्पिता सिंग, माधवी पारेख, नीलिमा शेख आणि ती स्वतः, ‘थ्रू द लुकिंग ग्लास’. मधली आठ वर्षं कशात गेली असतील, ते इथल्या कोणाही बाईला सांगायला नको. एकटीला पहिली संधी, मग चौघींचं प्रदर्शन. एका फेलोशिपचे पैसे कुठे कुठे जाऊन पोहोचले!

आणि मघाचा राहिलेला प्रश्न, वयाचा. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती आहे, वय १८ ते २५. नंतर कनिष्ठ फेलोशिप, २५ ते ४०. चाळिशीपुढे ज्येष्ठ फेलोशिप. कागदावर चोख. आता या तीन रकान्यांत एक मराठी बाई बसवून बघा. १८ ते २५ मध्ये तिचं शिक्षण आणि लग्न. २५ ते ४० मध्ये बाळंतपणं, मुलांच्या शाळा, सासऱ्यांचं आजारपण. चाळिशीनंतर मोकळी होते, कामाला बसते, आणि अर्ज करायला जाते तर तिची स्पर्धा थेट ज्येष्ठांशी! हे रकाने कोणी दुष्टपणाने आखलेले नाहीत. फक्त आखताना जे आयुष्य डोळ्यांसमोर होतं ते तिचं नव्हतं. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ सालचा, आणि ‘स्मृतिचित्रे’ छापून येऊ लागली ती १९३४ पासून. बसवा त्यांना ‘नवोदित लेखिका’ या रकान्यात! वय सहासष्ट. ‘कळ्यांचे निःश्वास’ टोपणनावाने लिहिणारीला १९३३ साली त्याच नावाने अर्ज करावा लागला असता. सोबत ओळखपत्राची झेरॉक्स, साक्षांकित!

मग आपल्या विद्यापीठांनी काय करावं? मी काही शिक्षणमंत्री नाही, त्यामुळे मोठ्या इमारतींची स्वप्नं दाखवत नाही. वयाऐवजी कामाची वर्षं मोजा: पहिलं प्रदर्शन, पहिलं पुस्तक, पहिला प्रयोग झाल्यापासून दहा वर्षांच्या आत असेल तर ती नवखी, मग ती पंचविशीची असो की साठीची. पदवीच्या ओळीपुढे तो ‘किंवा’ लिहा, आणि तो खरा ठरवायला निवड समितीत निदान निम्म्या जागांवर काम करणाऱ्या कलावंत बायका असू द्या. मूल सोबत आणता येईल असं स्पष्ट छापा. ‘विचार केला जाईल’ असं छापू नका. त्या वाक्याचा अर्थ आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आणि ज्या तालुक्याच्या गावी कॉलेज आहे तिथल्याच, एस.टी.ने येऊन-जाऊन करता येईल अशा बाईला आधी घ्या. मुंबई-पुण्याहून शांतता शोधायला येणाऱ्यांची सोय नंतर. निपाणीची, परभणीची, सावंतवाडीची बाई शांतता शोधत नाहीये. तिला एक टेबल हवंय, कुलूप असलेलं कपाट हवंय, आणि महिन्यातून एकदा ‘काय चाललंय तुमचं?’ असं विचारणारी चार माणसं हवीत. घरकाम करणाऱ्या मावशीला जर गाणं रचायचं असेल, तर तिची बुडालेली मजुरी भरून देणारी फेलोशिप तेवढी अजून कोणी लिहायची आहे. ती लिहायला बंटिंगनाही जमलं नव्हतं.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न मागच्या रांगेतून येणार हे मला माहीत आहे. थोडे लागतीलच. पण सुरुवातीला तेही फारसे लागत नाहीत. एप्रिलची परीक्षा संपली की जूनपर्यंत आपल्या कॉलेजांतले चित्रकलेचे वर्ग, नाट्यशास्त्राची दालनं, वसतिगृहांचे अख्खेच्या अख्खे मजले कुलूपबंद असतात. नंतर वर्ग भरले तरी दुपारी दोननंतर अर्ध्या खोल्या रिकाम्या. त्यांतली एक खोली एका बाईला वर्षभरासाठी द्यायला कुठल्या कायद्याची दुरुस्ती लागत नाही. लागते ती प्राचार्यांची सही, आणि किल्ली ज्यांच्याकडे असते त्या कार्यालय अधीक्षकांची मर्जी. अशा सहीचे आणि अशा मर्जीचे तिघे-चौघे मालक मला इथं दुसऱ्या रांगेत बसलेले दिसताहेत. चहाची व्यवस्था बाहेर व्हरांड्यात केलेली आहे असं कार्यकर्त्यांनी मला सांगितलंय. त्यांनी तिथं थांबावं, पळून जाऊ नये. अर्जाचा एक नमुना मी लिहून आणला आहे.